बुधवारची गोळी

आमचा धंदा हात बघण्याचा.
भविष्य नाही, माप.
पंचफुला नुसतं मनगट धरायची आणि सांगायची,
"सव्वादोन व माय, अडीच नोको मागू, गळून पडतीन."
वावरात राठ झालेले बायांचे पंजे
ती अशी दाबत, चोळत न्यायची
की काचेला कळायचं नाही
हाड कुठं आलं ते.

मग तिच्याच बोटांना सूज आली.

अंगठी अडकली. साबण लावला, दोरा गुंडाळला,
शेवटी सोनारानं कानस चालवली.
पायातली जोडवीही तशीच कापून काढली.
ऊन विहिरीच्या काठावर येईपर्यंत
तिची मूठ मिटत नसे.
भाकर थापणं गेलं, लुगडं पिळणं गेलं.
बाजारात बांगड्या मी भरू लागलो
आणि पहिल्याच मंगळवारी
एका नव्या नवरीच्या हातात सहा वाढवल्या.
(फुटल्या असं आमच्यात म्हणत नाहीत.)

काय काय केलं.
निर्गुडीचा पाला उकळून शेकला.
बिब्याचे चटके दिले, डाग अजून आहेत.
एक वैदू काळी पुडी देऊन गेला,
उतरली नाही तर पैसे परत म्हणाला.
सूज राहिली, वैदू दिसला नाही.
फाट्यावरचा बिनपाटीचा डॉक्टर
दीडशे रुपयांत सुई टोचायचा.
दोन दिवस ती गाणं म्हणत चूल पेटवायची,
तिसऱ्या दिवशी बोटं पुन्हा गाजरं.
वर्षभरात चेहरा टम्म झाला
आणि लोक म्हणू लागले,
"पंचफुला बरी दिसून राहिली आता."

त्याच वर्षी मी वेणी घालायला शिकलो.
तीन पेड, डावा नेहमी ढिला.
ती आरशात बघायची, काही बोलायची नाही.

वर्धेला बारापात्रे मॅडमनं
तिचा एकेक सांधा दाबून पाहिला,
डोळे अर्धवट मिटून,
अगदी फुला माप घ्यायची तसा.
म्हणाल्या, "शरीर स्वतःशीच भांडून राहिलं.
सुईनं भांडण झाकलं, मिटलं नाही."
एक पिवळी गोळी लिहून दिली.
आठवड्यातून एकदा. फक्त बुधवारी.
"रोज घेतली तर जिवावर येईन, समजलं का काका?
अन् महिन्याला रक्त तपासायचं, टाळायचं नाही."

पेटीतलं नेलपॉलिश काढून
मी कॅलेंडरवर सगळ्या बुधवारी लाल ठिपके दिले.

पहिला ठिपका, काही नाही.
तिसरा, नुसती मळमळ.
पाचव्याला मीच म्हटलं, "फेकून दे, हेही तसंच निघालं."
ती म्हणाली, "तुमच्या वेणीपक्षा तं बरी आहे,"
आणि पाण्याबरोबर गिळली.

सात की आठ, मोजायचं राहिलं,
त्या सकाळी मी अंथरुणातच होतो.
मागच्या अंगणात आवाज आला,
पाण्याची जाड धार, मग बारीक, मग थेंब.
दोन वर्षं आमच्या दोरीवरचे कपडे
संध्याकाळपर्यंत गळत असत.
मी पडूनच ऐकलं.
कुणीतरी लुगडं पिळत होतं.

बरी झाली म्हणू नका, मॅडमनं बजावलंय.
ताब्यात आहे, एवढंच.
उजवी करंगळी वाकडीच राहिली,
आभाळ भरलं की बोटं जरा कुरकुरतात,
आणि रक्ताच्या दिवशी एसटीत ती
कागदाची घडी उलगडते, पुन्हा घालते.
पण मंगळवारी पेटी तिच्यापुढे असते.
परवा एका म्हातारीचा हात धरून
ती किती वेळ नुसती बसली.
म्हातारी म्हणाली, "माप घेतं का झोपतं व?"

सांगायची एकच गोष्ट राहिली,
ती मी कुणाला सांगत नाही.
आता वेणी तीच घालते, पाठ करून,
झरझर, तिन्ही पेड सारखे.
मी दारात उभा राहतो
फणी हातात घेऊन.